दुसरा कुत्रा घरी आणावा का? एका कुटुंबाचा निर्णय आणि त्याचे टप्पे

हे प्रकरण एका कुटुंबाच्या परवानगीने मांडत आहे. माणसांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि कुत्र्यांची नावे बदलली आहेत. वर्तन-सल्लागार म्हणून माझा सहभाग दुसऱ्या कुत्र्याचा विचार सुरू झाल्यापासून होता. घरात एक कुत्रा असताना दुसरा आणण्याचा विचार करणाऱ्यांना या प्रकरणातील निष्कर्षापेक्षा त्यातले निर्णयाचे क्षण अधिक उपयोगी पडतील, असे मला वाटते.

पार्श्वभूमी

घरात पती-पत्नी, पंधरा वर्षांचा मुलगा आणि अकरा वर्षांची मुलगी असे चौघे राहतात. पतीच्या आई काही वर्षे त्यांच्याकडेच होत्या. नंतर त्या दुसऱ्या मुलाकडे राहायला गेल्या. मैना ही सात वर्षांची, नसबंदी झालेली, मोठ्या बांध्याची मिश्र जातीची कुत्री. पिल्लू असल्यापासून ती याच घरात वाढली. माणसांशी अतिशय प्रेमळ, ओळखीच्या कुत्र्यांशी सौम्य आणि अनोळखी कुत्र्यांपासून जरा अंतर राखणारी, असे तिचे वर्णन घरातील प्रत्येकाने जवळपास सारख्याच शब्दांत केले.

आजी गेल्यानंतर काही आठवड्यांतच तक्रारी सुरू झाल्या. सगळे बाहेर पडले की मैना रडल्यासारखी ओरडत राही, मुख्य दाराची चौकट तिने नखांनी खरवडून काढली होती आणि परतल्यावर दारापाशी लाळेचे थारोळे दिसे. शेजाऱ्यांनी दोनदा येऊन सांगितले. ‘ती एकटी पडली आहे, तिला सोबत आणली पाहिजे,’ हे वाक्य आधी पत्नीच्या तोंडी आले आणि पाहता पाहता सगळ्या घराचे झाले.

अडचण नेमकी कशाची होती

घरातील प्रत्येकाने दुसरा कुत्रा कशासाठी हवा हे वेगवेगळे लिहून द्यावे, अशी विनंती मी पहिल्याच भेटीत केली. पत्नीने मैनेचा एकटेपणा लिहिला. मुलीने लिहिले की मैना आता पळत नाही, तिला खेळायला कुत्रा हवा. मुलाने ‘चालेल’ एवढेच लिहिले. पतीने सकाळ-संध्याकाळच्या फेऱ्या कोण मारणार, हा प्रश्न लिहिला आणि खाली स्वतःचेच नाव घातले. या चार चिठ्ठ्यांवरून एक गोष्ट स्पष्ट झाली: येणाऱ्या कुत्र्यावर दोन वेगवेगळी कामे सोपवली जाणार होती आणि त्याचा भार मुख्यतः चौथ्या माणसावर पडणार होता.

त्यानंतर मैनेकडे वळलो. घरात जुना मोबाइल लावून, सगळे बाहेर पडल्यानंतरचे चित्रीकरण करायला सांगितले. कुत्रा एकटा असताना काय करतो याचा अंदाज परतल्यावरच्या खुणांवरून बांधणे फसवे असते. कंटाळलेला कुत्रा बराच वेळ झोपून मग उशी फाडतो. विरहाच्या भीतीने ग्रासलेला कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच बेचैन होतो, धापा टाकतो, येरझाऱ्या घालतो आणि बाहेर जाण्याच्या वाटेवरच धडका देतो. मैनेच्या चित्रीकरणात दार बंद झाल्यावर चौथ्या मिनिटाला रडणे सुरू झालेले दिसले. अधूनमधून ती आजींच्या रिकाम्या खोलीत जाई, हुंगून परत येई आणि पुन्हा दाराशी उभी राही.

मैनेला एकटेपणा जाणवत होता हे खरेच, पण तो माणसांचा होता. आयुष्यात पहिल्यांदाच ती दिवसभर माणसांविना राहत होती. आजी असताना घर कधी पूर्ण रिकामे झालेच नव्हते. हे पडताळण्यासाठी एक साधी चाचणी केली. कुटुंबाच्या परिचितांकडे मैनेचा जुना मित्र असलेला कुत्रा होता. त्याला थोडा वेळ तिच्यासोबत ठेवून सगळे बाहेर पडले, मी आणि पत्नी खालीच थांबून मोबाइलवर पाहत राहिलो. मैना पूर्वीइतक्याच वेळात रडू लागली आणि मित्राकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही. एकाच चाचणीवरून कोणताही ठाम निष्कर्ष काढू नये, परंतु विरहाची भीती असलेल्या कुत्र्यांत हे वारंवार दिसते: त्यांची गाठ विशिष्ट माणसांशी असते आणि दुसऱ्या कुत्र्याच्या सोबतीने ती सुटत नाही. याउलट, नवा कुत्रा पहिल्याची घबराट पाहून स्वतःही अस्वस्थ होण्याची शक्यता राहते.

‘मैना आता पळत नाही’ हे मुलीचे वाक्यही तपासावे लागले. सात वर्षांची कुत्री खेळणे सोडते तेव्हा त्याला स्वभावातला बदल म्हणण्याआधी दुखणे शोधावे लागते. पशुवैद्यांनी तपासणी आणि क्ष-किरण करून दोन्ही मागच्या खुब्यांत संधिवात असल्याचे निदान केले. झोपेतून उठताना ताठरणारे पाय, जिना चढताना घेतलेला थांबा, सोफ्यावर उडी मारणे बंद होणे, ही सगळी लक्षणे घरात दिसत होती आणि ‘वय झाले’ या दोन शब्दांत संपवली जात होती. दुखणारा कुत्रा दुसऱ्याची धसमुसळी सहन करू शकत नाही. म्हणून या निदानाने दुसऱ्या कुत्र्याचा प्रश्न मुळापासून बदलला. वैद्यांनी कुत्र्यांसाठीचे वेदनाशामक, वजन कमी करण्याचा आहार आणि रोज थोड्या अंतराच्या, पण नियमित फेऱ्या ठरवून दिल्या. येथे एक सूचना आवर्जून करतो: माणसांची वेदनाशामके, विशेषतः आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल, कुत्र्यांना घातक ठरू शकतात. ती स्वतःच्या मनाने कधीही देऊ नयेत.

समोरचे पर्याय

या टप्प्यावर विषय थांबवता आला असता आणि पतीचा तोच आग्रह होता. पत्नी व मुलीला मात्र दुसरा कुत्रा त्याच्या स्वतःसाठीही हवा होता, आणि हे कारण मला मुळीच कमी प्रतीचे वाटत नाही. आपल्याला आणखी एक कुत्रा सांभाळायला आवडेल आणि झेपेल, हे कारण ‘मैनेला सोबत’ या कारणापेक्षा प्रामाणिकही आहे आणि टिकाऊही, कारण त्यात नव्या कुत्र्याने कोणते काम करून दाखवण्याची अट नसते.

पिल्लू आणण्याची मुलीची इच्छा सर्वांत आधी चर्चेला आली. पिल्लांच्या सामाजिक जडणघडणीचा नाजूक काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत असतो आणि प्राथमिक लसीकरण सोळाव्या आठवड्यापर्यंत चालते. म्हणजे जग दाखवायचे आणि संसर्गापासून जपायचे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. ज्या घरात दिवसा कुणीच नसते तेथे हे कठीणच. शिवाय पिल्लू चावत, लोंबकळत, अंगावर उड्या मारत शिकते आणि येथे त्या उड्या मैनेच्या दुखऱ्या खुब्यांवर पडणार होत्या. ‘मोठा कुत्रा पिल्लाला आपोआप शिस्त लावतो’ ही समजूत अनेक घरांत मोठ्या कुत्र्याचे जगणे अवघड करते. एकाच विणीतली दोन पिल्ले आणण्याची कल्पनाही निघाली. ती मी स्पष्टपणे नाकारली, कारण अशी भावंडे अनेकदा एकमेकांतच गुंततात आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे वाढवण्याचे कष्ट दुपटीहून अधिक होतात.

प्रौढ कुत्रा घेतला तर त्याचा आकार, ऊर्जा आणि इतर कुत्र्यांशी वागण्याची रीत आधीच कळते. लिंगाचा विचारही केला. एकाच घरातील कुत्र्यांत होणारी गंभीर भांडणे समान लिंगाच्या जोड्यांत अधिक दिसतात आणि दोन माद्यांमधील वैर बरेचदा चिवट ठरते, म्हणून नसबंदी झालेला नर हा अधिक सुरक्षित पर्याय ठरला.

अखेर ठरले ते असे: आधी मैनेच्या वेदनेवर आणि एकटे राहण्याच्या भीतीवर काम करायचे, नंतर कुत्र्यांच्या निवारा केंद्रातून एक प्रौढ नर तात्पुरत्या सांभाळासाठी आणायचा आणि कायमचा निर्णय त्यानंतर घ्यायचा.

मैनेवरचे काम

एकटे राहण्याचे प्रशिक्षण कंटाळवाणे असते आणि तसेच ते करावे लागते. कुत्रा घाबरण्याच्या आत परत यायचे, हे त्याचे सूत्र. मैनेसाठी सुरुवात काही सेकंद दाराबाहेर उभे राहण्यापासून झाली आणि चित्रीकरणात ती शांत दिसली तरच वेळ वाढवला गेला. या काळात तिला खरोखर एकटे सोडायचे नाही, हा नियम सर्वांत जड गेला. कामाच्या वेळा आलटूनपालटून, परिचितांची मदत घेऊन कुटुंबाने तो पाळला. काही कुत्र्यांना याच्या जोडीने फ्लुऑक्सेटीन किंवा क्लोमिप्रामिनसारखे भीती कमी करणारे औषध पशुवैद्यांच्या देखरेखीखाली द्यावे लागते. मैनेला त्याची गरज पडली नाही. तीन महिन्यांच्या अखेरीस ती दीड तास शांत राहू लागली. वेदनाशामकाने पहिल्या महिन्यातच तिच्या चालण्यात मोकळेपणा आला होता आणि माझ्या मते भीती कमी होण्यात त्याचाही वाटा होता.

पहिली चाचणी: टिप्या

टिप्या हा दीड वर्षाचा उमदा नर. मोकळ्या मैदानावर दोघांना अंतर राखून एकाच दिशेने चालवले तेव्हा सगळे सुरळीत झाले आणि त्या समाधानात कुटुंबाने त्याला त्याच आठवड्यात घरी नेले. मैदानावरची ओळख ही केवळ ओळख असते. घरात झोपण्याची जागा, माणसे, दारे आणि चिंचोळ्या वाटा असतात आणि खरी परीक्षा तेथे होते.

पहिल्या दोन-तीन दिवसांत टिप्या सतत मैनेला खेळायला बोलावत राहिला: पुढचे पाय टेकून, मागचा भाग वर करून. मैना मान वळवी, ओठ चाटी, जांभई देई, उठून दुसरीकडे जाई. कुत्र्यांच्या भाषेत हा स्वच्छ नकार आहे, पण टिप्याला तो वाचता येत नव्हता आणि घरातल्यांनाही. मग मैना गुरगुरली. मुलीने तिला रागावून गप्प केले. तसे दोन-तीनदा घडल्यावर मैनेचे गुरगुरणे थांबले आणि ‘आता जमू लागले’ असा निरोप मला आला.

मी मागवलेल्या चित्रीकरणात वेगळेच दिसत होते. टिप्या दिवाणखान्यात असला की मैना सोफ्यामागून बाहेर येत नव्हती, पाणी प्यायला ती रात्री सगळे झोपल्यावर उठत होती आणि तो जवळून गेला की तिचे अंग ताठरून डोळ्यांची पांढरी कड दिसत होती. गुरगुरणे ही कुत्र्याने दिलेली पूर्वसूचना आहे. ती दाबली की भीती जात नाही, फक्त सूचना जाते. दुसऱ्याच दिवशी टिप्या तिच्या अंथरुणापाशी गेला आणि मैनेने कोणताही आवाज न करता त्याला चावा घेतला. कानावर लहानशी जखम झाली, एवढ्यावर निभावले.

हा या प्रकरणातला सर्वांत अवघड निर्णयाचा क्षण होता. जाळीची फाटके, वेगळ्या वेळा, टिप्याचे प्रशिक्षण, या मार्गाने पुढे जाता आले असते आणि काही जोड्या तशा सावरतातही. परंतु टिप्याला रोज जितकी धावपळ हवी होती तितकी देणारा माणूस घरात नव्हता आणि मैनेने घराचा अर्धा भाग सोडून दिला होता. मी टिप्याला परत पाठवण्याचा सल्ला दिला. मुलगी खूप रडली. तिला समजावताना तिच्या आईने एक योग्य गोष्ट केली: टिप्यात काही खोट होती असे तिने एकदाही म्हटले नाही. पुढे तो एका तरुण, खेळकर कुत्री असलेल्या घरात गेला आणि तेथे रमला.

दुसरी चाचणी: मोती

दुसऱ्या वेळी कुटुंबाने घाई टाळली आणि थांबण्याचे निकष आधी कागदावर लिहिले. मैना जेवण सोडते का, नेहमीच्या जागी झोपते का, सर्व खोल्यांत फिरते का, आणि नवा कुत्रा समोर असताना कधी स्वतःहून जवळ जाते का, या चार गोष्टी रोज टिपायच्या. यांपैकी दोन सलग तीन दिवस बिघडल्या तर मला कळवायचे आणि अंतिम निर्णय पती-पत्नींनी मिळून घ्यायचा. पहिल्या वेळी प्रत्येक जण आपल्या आशेप्रमाणे मैनेकडे पाहत होता. आता सगळ्यांना एकच टिपण वाचायचे होते.

मोती अंदाजे सहा वर्षांचा, नसबंदी झालेला, संथ चालीचा नर होता. दुसऱ्या कुत्र्याने मान वळवली की तोही थांबतो, हे केंद्रातल्या भेटीतच दिसले आणि माझ्या दृष्टीने त्याची निवड तेथेच झाली. घरी आणल्यावर सुमारे दोन आठवडे त्याला वेगळ्या खोलीत ठेवले. त्या काळात जंतांचे औषध, गोचीड तापासाठी रक्ततपासणी आणि लसींची पूर्तता झाली. मैनेच्या लसी अद्ययावत आहेत याचीही खात्री केली. पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आतड्यांच्या आजाराचा विषाणू जमिनीवर आणि वस्तूंवर महिनोन्‌महिने टिकू शकतो, त्यामुळे हा विलगीकरणाचा काळ वाया गेलेला वेळ मानू नये. दाराआडून गंधाची ओळख होत राहते, हा त्याचा दुसरा लाभ.

त्यानंतर समांतर फेऱ्या, मग जाळीच्या फाटकाच्या दोन बाजूंना बसणे, मग पट्टा सैल सोडून थोडा वेळ एकत्र, असा क्रम ठेवला. जेवण वेगवेगळ्या खोल्यांत, चघळायच्या वस्तू फक्त दार बंद असताना, मैनेच्या अंथरुणाभोवतीची जागा मोतीला वर्ज्य आणि दिवसातून एकदा मैनेची स्वतंत्र फेरी, हे नियम सुरुवातीपासून लागू झाले. मैना एकदा पाण्याच्या भांड्यापाशी गुरगुरली. या वेळी कुणी तिला रागावले नाही. मोतीला बोलावून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून पाण्याची दोन भांडी दोन कोपऱ्यांत ठेवली.

परिणाम

सहा आठवड्यांनी कुटुंबाने मोतीला कायमचे ठेवून घेतले. हे लिहिताना त्याला आठ महिने झाले आहेत. दोघे एकाच खोलीत, पण दोन टोकांना झोपतात. क्वचित थोडेसे खेळतात, फेरीला एकत्र जातात, एकमेकांचे कान हुंगतात. एकदा सोफ्याखाली विसरलेल्या चघळण्याच्या हाडावरून झटापट झाली, दुखापत झाली नाही. जिवलग मैत्रीची अपेक्षा घेऊन आलेल्या मुलीला हे सुरुवातीला थोडके वाटले. मला ते पुरेसे वाटते, कारण दोन प्रौढ कुत्र्यांनी एकमेकांच्या उपस्थितीत निर्धास्त झोपणे ही मोठी गोष्ट आहे.

मैना आता चार तास शांत राहते. मात्र त्याचे श्रेय मोतीला देता येत नाही. आजही सगळे बाहेर पडल्यावर ती पहिली काही मिनिटे दाराशी उभी राहते, मोतीकडे न पाहता, आणि मग आपल्या जागी जाऊन पडते. प्रशिक्षण झाले नसते तर दोन कुत्रे असूनही दाराची चौकट खरवडली गेलीच असती.

एक परिणाम कुणी आधी मोजला नव्हता. आजी राहायला आल्या तेव्हा दोन्ही कुत्रे एकदम दाराकडे धावले आणि त्यांचा तोल जाता जाता वाचला. एका कुत्र्याच्या स्वागताची सवय असलेल्या वयस्कर माणसाला दोघांच्या धडकेने गंभीर इजा होऊ शकते. आता दाराची घंटा वाजली की दोघांनी आपापल्या चटईवर जायचे, असे शिकवले आहे. हे काम मुलाने मनापासून केले.

वेगळे काय करता आले असते

पशुवैद्यांची तपासणी आणि घरातले चित्रीकरण पहिल्या तक्रारीच्या वेळीच झाले असते तर मैनेचे काही महिन्यांचे दुखणे वाचले असते. दुसऱ्या कुत्र्याचा विचार ज्यांच्या मनात पहिल्याच्या बदललेल्या वागण्यामुळे आला आहे, त्यांनी या दोन गोष्टी आधी कराव्यात.

टिप्याच्या वेळी दोन त्रुटी राहिल्या. थांबण्याचे निकष ठरलेले नव्हते आणि कुत्र्यांचे देहबोलीचे संकेत मुलांना शिकवलेले नव्हते. दुसरी त्रुटी मला अधिक गंभीर वाटते, कारण चाव्याच्या क्षणी मुलगी शेजारीच बसली होती. तात्पुरत्या सांभाळाची व्यवस्था मात्र योग्य ठरली. त्यामुळेच टिप्याला परत पाठवणे शक्य झाले आणि त्याची नवे घर मिळण्याची संधीही गेली नाही.

पतीच्या चिठ्ठीतला प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. फेऱ्यांचे वेळापत्रक कागदावर चौघांत वाटले गेले असले तरी परीक्षेच्या दिवसांत मुलांचा वाटा त्याच्याकडेच येतो. हे आधी गृहीत धरून त्याची स्पष्ट संमती घेतली असती, तर आता अधूनमधून होणारी कुरबुर टळली असती.

सध्या काम सुरू आहे ते मोतीवर. या घरात तो मैनेशिवाय एकटा कधी राहिलेला नव्हता. मैना त्याच्यापेक्षा थोरली आहे आणि तिचा आजार वाढत जाणारा आहे. तिला दवाखान्यात राहावे लागले तर किंवा ती नसेल तेव्हा मोतीला घर अचानक रिकामे वाटू शकते. म्हणून आठवड्यातून दोनदा त्याला एकट्याला फेरीला नेणे आणि मैना बाहेर असताना त्याला थोडा वेळ घरात एकटे ठेवणे सुरू केले आहे. पहिल्या चित्रीकरणात तो सात मिनिटांनी येरझाऱ्या घालू लागला. आता वेळ पाच मिनिटांवर आणून तेथून वाढवत आहोत.